गोळी एकाची, बचाव दोघांचा

गेल्या अंकात बोलता बोलता एक वाक्य लिहिलं होतं, की एचआयव्हीच्या गोळ्या नीट चालू असलेल्या आणि रक्तातला व्हायरस दबलेल्या माणसाकडून जोडीदाराला लागण होत नाही. त्यावर एवढे मेल आणि मेसेज आलेत की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागला. नावं गाळलीत, मजकूर थोडा आवरलाय, बाकी जसं आलं तसं.

प्रश्न : ताई, माझं वय २७, आम्ही इचलकरंजीकडचे, मिस्टर लूमवर कामाला. खोकला जाईना म्हणून दाखवलं तर टीबी निघाला, आणि टीबीवाल्यांची एचआयव्ही टेस्ट करतातच असं म्हणून तीपण केली तर ती पॉझिटिव्ह आली. माझी निगेटिव्ह आहे. सासूबाई म्हणतात तू माहेरी जा. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल नाही अजून. मी यांना सोडणार नाही पण मला खरं सांगा, मला होणार का? आणि आम्हाला मूल होईल का?

उत्तर : आधी मुलाचं सांगते कारण तेच शेवटी आणि हळूच विचारलंय तुम्ही. होईल. निगेटिव्ह आई आणि निगेटिव्ह बाळ, दोन्ही होऊ शकतं, फक्त थोडं थांबावं लागेल आणि क्रमाने जावं लागेल.

क्रम असा. मिस्टरांना टीबी आहे म्हणजे आधी टीबीच्या गोळ्या सुरू, आणि त्या अंगी लागल्या की साधारण दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीच्या. (मेंदूच्या टीबीत थोडं थांबतात, तो भाग डॉक्टरांचा.) आता आपल्याकडे सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात, बहुतेकांना तीन औषधं मिळून एकच गोळी मिळते, टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर, दिवसातून एकदा. पण टीबीतलं रिफाम्पिसिन हे डोल्युटेग्राविरचा जोर कमी करतं, म्हणून टीबी चालू असेपर्यंत त्यांना बारा तासांनी डोल्युटेग्राविरची एक जास्तीची गोळी देतील. ती बरेच लोक खात नाहीत, दोन्हीकडच्या गोळ्या मिळून मूठभर होतात मग ही एक कशाला म्हणून डबीतच राहते. तुम्ही लक्ष ठेवा, ती एक्स्ट्रा नाहीये, ती पाहिजेच.

मग सहा महिन्यांनी व्हायरल लोड नावाची टेस्ट होते. रक्ताच्या एका मिलीलीटरमध्ये व्हायरसच्या किती कॉपी आहेत ते त्यात कळतं. सुरुवातीला हा आकडा लाखांत असू शकतो, आणि गोळ्या न चुकता घेतल्या की एवढा खाली येतो की मशीनला सापडतच नाही, रिपोर्टवर टार्गेट नॉट डिटेक्टेड असं येतं. तो कागद तुमच्यासाठी महत्त्वाचा. व्हायरस मेलेला नसतो, शरीरात कुठेतरी दबून असतोच, गोळी सोडली तर काही आठवड्यांत परत वर येतो, पण दबलेला असताना तो संबंधातून दुसऱ्याकडे जात नाही. तोवर मात्र कंडोम, आणि दर वेळी. घाई करू नका, लागण होते ती बहुतेक याच सुरुवातीच्या काळात, गोळी चालू झालीये पण लोड अजून खाली आलेला नाही तेव्हा.

तुमची टेस्ट आत्ता निगेटिव्ह आली ती चांगलीच गोष्ट आहे पण ती काल-परवाच्या संबंधाबद्दल काही सांगत नाही, म्हणून तीन महिन्यांनी परत करा, आणि पुढे मिस्टरांचा लोड दबेपर्यंत सहा-सहा महिन्यांनी. लोड दबला, टीबीचा कोर्स संपला, की एआरटीच्या डॉक्टरांना सरळ सांगा आम्हाला मूल पाहिजे. ते दोघांची गुप्तरोगाची तपासणी करून घेतील आणि मग कधी चान्स घ्यायचा ते सांगतील. लाजू नका, त्यांना रोज कोणीतरी हे विचारतं.

सासूबाईंचं काय करायचं ते मी लांबून सांगू शकत नाही. पण एक बघा, घरात जेव्हा हा रिपोर्ट येतो तेव्हा पहिल्या रात्रीपासून एकच चर्चा चालू होते, कुठून आला, कोणाकडून आणला. कधीतरी तुम्हाला ते विचारायचं असेल तर विचारा, तुमचा हक्क आहे. पण पहिल्या महिन्यात घरातलं सगळं बळ त्या चौकशीत गेलं की गोळ्या राहतात बाजूला, हे मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, बसून इतक्या वेळा बघितलंय की आता नवीन जोडपं समोर आलं की आधी कॅलेंडर काढून पुढच्या तारखाच लिहून देते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, नाशिक. आपण लिहिता की गोळ्या घेणाऱ्याकडून लागण होत नाही. हे परदेशातलं संशोधन असणार. आपल्याकडची परिस्थिती वेगळी, लोक अर्धवट औषधं घेतात. असं छापून तुम्ही लोकांना मोकळं रान देताय असं मला वाटतं. राग मानू नये.

उत्तर : सर, राग कसला, उलट बरं झालं कोणीतरी तोंडावर विचारलं. फक्त परदेशातलं हे काही बरोबर नाही. यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास, एचपीटीएन ०५२, तो नऊ देशांत झाला आणि त्यात आपलं पुणं होतं, भोसरीची नारी म्हणजे तेव्हाची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, आणि चेन्नई. एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह अशी १७६३ जोडपी. निम्म्यांना लगेच गोळ्या चालू केल्या, निम्म्यांना त्या वेळच्या नियमाप्रमाणे सीडी४, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, खाली आल्यावर. २०११ मध्ये मधेच आकडे तपासले तर जोडीदाराकडूनच लागण झाल्याच्या २८ केसेस होत्या, त्यातल्या २७ उशिरा सुरू करणाऱ्यांच्या गटात आणि लगेच सुरू करणाऱ्यांत फक्त १. म्हणजे ९६ टक्के कमी. एवढं दिसल्यावर मग बाकीच्यांनाही गोळ्या द्यायला सांगितलं. पुढे २०१६ ला शेवटचा हिशोब आला त्यात लोड दबलेला असताना जोडीदाराला लागण झाल्याची एकही केस नव्हती. ज्या झाल्या त्या एकतर गोळ्या नुकत्या सुरू झालेल्या किंवा गोळ्या लागू पडेनाशा झालेल्या. नंतर युरोपात पार्टनर नावाचे अभ्यास झाले, कंडोम न वापरणारी जोडपी, दुसऱ्या टप्प्यात तर फक्त पुरुष-पुरुष जोडपी घेतली, तिथेही शून्य.

तुमचा अर्धवट औषधाचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे. म्हणून तर मी गोळी चालू असलेला एवढंच लिहिलं नव्हतं, व्हायरस दबलेला असं लिहिलं होतं. दोन्हींत फरक आहे. गोळीची डबी घरात आहे म्हणजे काही नाही, वर्षाच्या आतला व्हायरल लोडचा कागद लागतो. आणि गुप्तरोग आणि नको असलेलं गरोदरपण यावर या गोळीचा काहीच उपयोग नाही, तिथे कंडोमच. सुईने नशा करणाऱ्यांनाही हा हिशोब जसाच्या तसा लावता येत नाही.

पण मोकळं रान म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे सर. आपण भीती घालून बघितली, एड्स म्हणजे मृत्यू असे कवटीवाले बोर्ड एसटी स्टँडवर लावून झाले. त्याने लोक शहाणे झाले का माहीत नाही, टेस्टला यायचे मात्र थांबले. ज्याला माहीतच नाही आपण पॉझिटिव्ह आहोत, तो गोळी कशी घेणार? लागण पसरते ती जास्त करून अशांकडून. भारतात आज साधारण २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, आणि राज्यांत आकड्याने पहिला नंबर आपल्या महाराष्ट्राचा. टेस्ट करायला यायचं तर पुढे काहीतरी चांगलं दिसलं पाहिजे ना माणसाला.

प्रश्न : ताई मी पुण्यात हिंजवडीला असतो, २४ वय. एका पार्टीनंतर विदाउट प्रोटेक्शन झालं, अनोळखी व्यक्ती. नऊ दिवस झाले. सातव्या दिवशी लॅबमध्ये टेस्ट केली, निगेटिव्ह. मी सेफ आहे का? झोप नाही. उद्या आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर आहे, तिथे रक्त दिलं की ते टेस्ट करतात असं मित्र म्हणाला, फ्रीमध्ये डबल चेक होईल.

उत्तर : नको. शिबिराला जाऊ नकोस, आधी हे. मंडळाला सांग ताप आहे, काहीही सांग. तुझ्या शरीरात आत्ता व्हायरस असेल तर टेस्टला तो सापडणार नाही पण रक्ताच्या पिशवीतून तो कोणालातरी जाऊ शकतो, आणि ती पिशवी बाळंतिणीला चढेल की थॅलेसेमियाच्या पोराला हे तुला कळणारपण नाही. रक्तदान शिबिर टेस्टिंग सेंटर नाहीये. तुझ्या मित्रालापण सांग, हा सल्ला खूप जण एकमेकांना देत असतात.

सातव्या दिवसाचा रिपोर्ट हा तुझ्याबद्दल काहीच सांगत नाही. लागण झाल्यावर काही आठवडे टेस्टमध्ये दिसतच नाही त्याला विंडो पिरियड म्हणतात. लॅबची फोर्थ जनरेशन टेस्ट असेल तर ४५ दिवसांनी केलेली बऱ्यापैकी भरवशाची, सरकारी सेंटरला बोटाच्या किंवा शिरेच्या रक्तावर जी रॅपिड टेस्ट होते ती तीन महिन्यांनी. दोन्ही तारखा मोबाइलमध्ये टाक आणि मधे रोज उठून नव्या लॅबमध्ये जाऊ नकोस, पैसे जातात फक्त.

यात एक वाईट गंमत आहे. लागण झाल्यावरचे हे पहिले काही आठवडे, जेव्हा टेस्ट निगेटिव्ह दाखवते, तेव्हाच रक्तातला व्हायरस सगळ्यात जास्त असतो. काहींना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ येतं, आणि पावसाळ्यात पुण्यात ताप आला की डेंग्यूची टेस्ट होते, एचआयव्हीचं कोणाच्या डोक्यातपण येत नाही. म्हणून तीन महिने कंडोमशिवाय कोणाशीच नाही. गर्लफ्रेंड असेल तर तिच्याशीपण नाही.

आणि पुढच्या वेळेसाठी, म्हणजे पुढची वेळ यायला नको पण आलीच तर, ७२ तासांच्या आत हॉस्पिटल गाठायचं. पेप नावाचा २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो, जेवढा लवकर तेवढा चांगला, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तू नऊ दिवसांनी लिहिलंस. हे सगळं लेखी विचारत बसण्यापेक्षा १०९७ ला फोन कर, फुकट आहे, मराठीत बोलतात, नाव विचारत नाहीत. एका प्रसंगातून लागण होण्याची शक्यता तशी कमीच असते, तेव्हा झोप.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या आधी केलेल्या तपासणीत मी पॉझिटिव्ह निघालो. वय ५२, सोलापूर. प्रकृती ठणठणीत, सीडी४ ६४० आहे. माझ्या थोरल्या भावाला २००७ ला सरकारी दवाखान्यात सांगितलं होतं की सीडी४ खाली आल्याशिवाय गोळ्या नाहीत, आधी सुरू केल्या तर शरीराला सवय होते. म्हणून मी थांबलोय. मंडळींना सांगितलेलं नाही, विषय काढायची हिंमत होत नाही. थांबलो ते योग्य ना?

उत्तर : नाही दादा, योग्य नाही. भावाला २००७ ला जे सांगितलं ते त्या वेळी बरोबर होतं, आज नाही.

तेव्हाचं कारण समजून घ्या म्हणजे पटेल. आपल्याकडे सरकारी फुकट गोळ्या सुरू झाल्या १ एप्रिल २००४ ला, देशात मोजक्या आठ हॉस्पिटलांत, त्यात मुंबईचं जेजे होतं. औषधं कमी, पेशंट दारात उभे, आणि तेव्हाच्या काही गोळ्यांचे त्रासपण बरेच, कोणाचे गाल बसायचे, कोणाच्या पायात मुंग्या. मग ज्याची प्रतिकारशक्ती सगळ्यात खाली गेलीये त्याला आधी, असा हिशोब होता, सीडी४ २०० च्या खाली. मग ती रेष ३५० वर आली, नंतर ५०० वर, आणि २०१७ मध्ये रेषच काढून टाकली. आता टेस्ट पॉझिटिव्ह आली की सीडी४ कितीही असो, गोळ्या सुरू. सवय होते वगैरे काही नसतं, उलट मधेच सोडल्या किंवा आठवड्यातून चारच दिवस घेतल्या तर व्हायरस औषधाला निर्ढावतो.

आणि हे फक्त दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून नाही. २०१५ मध्ये स्टार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, सीडी४ ५०० च्या वर असणारेच लोक घेतले होते, म्हणजे अगदी तुमच्यासारखे ठणठणीत. त्यातसुद्धा लगेच सुरू करणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू मिळून ५७ टक्के कमी निघाले. सीडी४ चांगला आहे याचा अर्थ फौज अजून उभी आहे एवढाच. शत्रू रोज वाढतोय आणि तो किती वाढलाय ते सीडी४ च्या कागदावर दिसत नाही.

आता वहिनी. तीन वर्षं गोळी नाही म्हणजे तीन वर्षं व्हायरस मोकळा, आणि त्यांना माहीतच नाही. मी तुम्हाला लाज वाटावी म्हणून लिहीत नाहीये, पण हे आता एक आठवडापण पुढे ढकलू नका. सिव्हिलला आयसीटीसीत जा, समुपदेशकाला सगळं सांगा. घरी एकट्याने सांगायचं नसेल तर दोघांना बसवून सेंटरमध्ये सांगता येतं, आम्ही हे करतो, तेच आमचं काम आहे. बरेच जण बायकोला घेऊन येतात आणि बाहेर बाकावर तासभर बसून परत जातात, चप्पल घासत, मग पुढच्या सोमवारी परत येतात. चालेल, परत या. वहिनी निगेटिव्ह निघाल्या तर तुमच्या गोळीने त्या निगेटिव्ह राहतील, पॉझिटिव्ह निघाल्या तर त्यांचीपण गोळी त्याच दिवसापासून मार्गी लागेल. दोन्हींत आज कळणं हे वर्षाने कळण्यापेक्षा बरं. तोवर कंडोम, कारण काय ते तुम्ही बघा.

प्रश्न : माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यात आहे, आत्ता पॉझिटिव्ह कळलं. बाळाला होणारच ना? तिच्या सासरी म्हणतात सिझर करा आणि अंगावरचं दूध अजिबात देऊ नका. (कराड)

उत्तर : होणारच असं अजिबात नाही. काहीच केलं नाही तर १०० मधल्या १५ ते ४५ बाळांना होतो, आईने गोळ्या घेतल्या तर ५ च्या खाली येतो, आणि लोड नीट दबला तर त्याहून कितीतरी कमी. सातवा महिना म्हणजे उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही, हातात आठ-दहा आठवडे आहेत, आणि आत्ताची गोळी व्हायरस भराभर खाली आणते. म्हणून उद्याच एआरटी. अमावस्या, ओटीभरण, काही बघू नका.

सिझर फक्त एचआयव्ही आहे म्हणून करत नाहीत. बाळंतपणाच्या दृष्टीने गरज असली तर करतील. दुधाचं म्हणाल तर आईची गोळी चालू असेल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, असंच आपल्याकडे सांगतात. फक्त म्हणजे फक्त, वरून गाईचं, घुटी, मधाचं बोट, काही नाही. अंगावरचं आणि वरचं असं मिक्स केलं की बाळाच्या आतड्याला त्रास होतो आणि धोका वाढतो. सासरच्यांना हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, बहिणीच्या तोंडून नको.

बाळाला जन्मल्यावर लगेच नेव्हिरापिनचं सिरप, निदान सहा आठवडे, आणि हिच्यासारखं उशिरा कळलं असेल तर जास्त काळ किंवा जोडीला दुसरं औषधपण देतील. सहा आठवड्यांनी टाचेला सुई टोचून एका जाड कागदावरच्या गोलांत रक्ताचे थेंब घेतात, तो कागद सुकवून मोठ्या लॅबला जातो. तीच टेस्ट बाळासाठी खरी. हौसेने गावातल्या लॅबमध्ये साधी एचआयव्ही टेस्ट करायला जाऊ नका, आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, ती पॉझिटिव्ह येते आणि घरात रडारड होते, बाळाला काही झालेलं नसतानाही. शेवटचा निर्णय १८ महिन्यांनी.

आणि बहिणीच्या मिस्टरांची टेस्ट झाली का? तुम्ही लिहिलेलं नाही. दर वेळी हेच, बाईची टेस्ट गरोदरपणात होते म्हणून ती आधी सापडते आणि मग तिनेच आणला असं ठरतं.

प्रश्न : न्हावी, डास, एका ताटात जेवण, स्विमिंग पूल? (चार जणांनी विचारलंय)

उत्तर : डास नाही, ताट नाही, पूल नाही. न्हाव्याला नवं ब्लेड लावायला सांगा, ते कावीळ बी साठी तरी सांगाच.

प्रश्न : मुलीसाठी स्थळ बघतोय. मुलाकडे टेस्ट मागितली तर अपमान होईल का? आणि मुलाच्या ऑफिसमधून माहिती काढता येईल का?

उत्तर : मुलाकडे मागू नका, दोघांची करू असं म्हणा, आमच्या मुलीचीपण करतो. मग अपमानाचा प्रश्नच येत नाही. ऑफिसमधून अजिबात काढायची नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, त्यात संमतीशिवाय टेस्ट नाही, दुसऱ्याचा रिपोर्ट उघड करायचा नाही, आणि नोकरीसाठी टेस्टची अट घालायची नाही. आणि पॉझिटिव्ह आला तरी स्थळ मोडलंच पाहिजे असं नाही, वरची इचलकरंजीची उत्तरं वाचा, पण तो निर्णय मुलीचा, माहिती घेऊन तिने घ्यायचा, तुमचा नाही.

प्रश्न : गोळ्या चालू आहेत, लोड दबलाय. पण आमच्या तालुक्याच्या सेंटरला ओळखीचे लोक भेटतात, मागच्या वेळी तर पूर्ण नावाने मोठ्याने हाक मारली. गोळ्या सोडाव्या असं वाटतं. शिवाय अ‍ॅसिडिटी आणि रक्तवाढीच्या गोळ्याही चालू आहेत.

उत्तर : गोळ्या नका सोडू, सेंटर सोडा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एआरटी सेंटरला ट्रान्सफर करून मिळते, रजा असेल त्या दिवशी जाऊन कागद करून घ्या, लोड दबलेला असेल तर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या म्हणून विचारा, खेपा कमी होतात. आणि नावाने हाक मारणं हे चूकच आहे, तक्रार करा, लेखी करा. राज्यात त्यासाठी लोकपाल नेमायची तरतूद त्याच कायद्यात आहे.

डबीवरचं लेबल खरवडून काढणारे खूप आहेत, ते चालेल, पण गोळ्या काढून बडीशेपेच्या डबीत नका ठेवू, आतली ती छोटी पुडी ओलावा शोषायला असते. अ‍ॅसिडिटीची अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली गोळी किंवा पातळ औषध, लोह आणि कॅल्शियम हे डोल्युटेग्राविरला अडवतात. आधी एचआयव्हीची गोळी, मग निदान दोन तासांनी ती, किंवा ती घेतली असेल तर सहा तास थांबून ही. सोपं करायचं तर लोह सकाळी आणि ही रात्री नऊच्या बातम्यांना.